जिवंतपणीच भिंतीवर

प्रिय खारूताई,

आधी आली ती खालची शिवणवालीच. मुली चांगलं ऊन चढल्यावर येणार होत्या, आणि ही बया मी अंथरूण आवरत होते तेव्हाच दारात. केस धुतलेले, ठेवणीतली शाल अंगावर, जसे काही पाहुणे तिलाच बघायला येणार होते. मी म्हटलं, "अगं, परीक्षा माझी आहे, तू कशाला नटलीस?" तर म्हणते कशी, "तू नापास झालीस तर त्यांनी कोणाकडे तरी बघायला नको का?" तुला ती आठवत असेलच. तुझ्या फ्रॉकला चिंचोके ठेवायला चोरखिसा शिवून द्यायची ती. आता डोळ्यांमुळे सुई सुटली, पण जीभ तशीच धारदार आहे. हल्ली बोलते मात्र गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. त्याचं कारण पुढे येईल, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खाणार आहे.

हे बघ, पाहुण्या कोण ते सांगायचं राहिलं आणि मी शालीवर घसरले. तर झालं असं. आपल्या चौकातल्या वाचनालयात काउंटरवर ते चष्मेवाले भाऊ बसतात ना, त्यांनी मागच्या आठवड्यात मला थांबवलं. म्हणाले, "आजी, मोठ्या कचेरीतून दोन मुली येणार आहेत. फोनवर पुस्तकांची यादी असते ना आपली, त्यात माणसं घरी बसून पुस्तक कसं शोधतात ते त्यांना बघायचंय. तुमच्या घरी पाठवू का?" मोठी कचेरी म्हटल्याबरोबर मी ओळखलं, ही तुझीच कचेरी. पण तुझं नाव काढलं नाही. म्हटलं, त्यांच्या मोठ्या ताईंची, म्हणजे तुझी, आजी म्हटल्यावर त्या पोरी अवघडतील आणि उगाच खोटं कौतुक करतील. मुकाट्याने हो म्हणाले.

हो म्हणाले खरी, पण लगेच धास्ती बसली. कारण त्याच्या आदल्याच रात्री तुझा फोन आला होता आणि तुझा आवाज पार पडलेला होता. तू म्हणालीस, आजी, पुस्तकं शोधायची दोन पानं आहेत. एक जुनं, चौकटीचौकटींचं, आणि एक मी बनवलेलं. दोनातलं एकच राहणार आहे. वरचे साहेब म्हणतात, जुनं पान सगळ्यांना जमतंय, मग तुझं पान कोणासाठी? मला त्यातलं अर्धंमुर्धं कळलं. पण "माझं जाणार बहुतेक" हे पुरतं कळलं. आणखीही एक गोष्ट तू बोललीस. ती शेवटी लिहिते.

आता माझं डोकं कसं चालतं ते तुला ठाऊक आहे. मी विचार केला, त्या मुली येणार, मी फोन उलटासुलटा धरणार, भलतंच काहीतरी दाबणार, आणि उद्या कचेरीत कळलं की ही हिचीच आजी, तर सगळे म्हणतील, घरच्या म्हातारीला शिकवता आलं नाही आणि निघाली जगाला शिकवायला. ते काही मला चालणार नव्हतं. म्हणून शिवणवालीला गुरू केलं. रोज दुपारी ती फूटपट्टी घेऊन समोर बसायची, घरातल्या एखाद्या पुस्तकाचं नाव पुकारायची आणि मी फोनवर शोधायचं. लेखकाचं नाव ह्या चौकटीत, पुस्तकाचं नाव त्या चौकटीत, मग ते भिंगाचं चित्र दाबायचं. चुकलं की फूटपट्टी टेबलावर आपटायची. शाळेत मास्तरीण एवढी कडक असती तर मी चौथीच्या पुढे गेले असते, किंवा पहिलीतच पळून आले असते. पण शिकले. बोटं अशी चुरूचुरू चालायला लागली की माझं मलाच कौतुक वाटायचं.

तर मुली आल्या. एक बोलकी, गालाला खळी पडते, आल्या आल्या चप्पल काढतानाच म्हणाली, "आजी, काय छान उजेड येतो हो तुमच्याकडे." दुसरी लांबडी, हातात वही-पेन्सिल, बोलायचं म्हणजे जिवावर येतं तिच्या. खुर्च्या दोनच, त्यातली एक शिवणवालीने आधीच पटकावलेली, म्हणून लांबडी बिचारी खाटेच्या कडेवर टेकली. चहा झाला. मग लांबडीने एक लांबलचक वाक्य पाठ म्हटल्यासारखं म्हटलं, की आम्ही तुम्हाला मदत करणार नाही, मध्ये बोलणार नाही, तुम्ही तुमच्या पद्धतीने शोधा आणि मनात जे जे येईल ते मोठ्याने बोलत राहा. मी म्हटलं, "बाई, जन्मभर मला सगळे नेमकं हेच करू नको म्हणून सांगत आले." तेव्हा कुठे ती हसली.

त्यांनी एका पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, शोधा. मी फोन पुसला, चष्मा चढवला आणि सुटले. हे इथे, ते तिथे, भिंग, आणि हे घ्या पुस्तक, कोणत्या कपाटात आहे तेसुद्धा वाचून दाखवलं. शिवणवालीने टाळ्या वाजवल्या. मी पदक मिळाल्यासारखी ताठ बसले. पण बोलकीचा चेहरा बघितला आणि माझा ताठा उतरला. ती "छान, छान" म्हणत होती, पण घट्ट होणारा स्वेटर भेट आला की माणूस "छान" म्हणतं ना, तसं. लांबडीने वहीत एक अक्षर लिहिलं नाही. बोलकीला राहवेना. पुटपुटली, "इथेही जमलं सगळं. आता साहेबांचंच खरं होणार. नव्या पानाची गरजच नाही म्हणतील." लांबडीने तिला कोपर मारलं, पण शब्द बाहेर पडला होता.

खारूताई, माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे मी तुझी लाज राखायला म्हणून आठवडाभर घाम गाळला, आणि ज्या फांदीवर माझी खार बसलीय तीच फांदी करवतीने कापत होते. मग मात्र लाजबीज सोडून दिली. सरळ सांगून टाकलं, "मुलींनो, हे खरं नव्हे. मी घोकंपट्टी केलीय. ही बघा माझी मास्तरीण आणि ही तिची फूटपट्टी." दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता उठून जातील. तर बोलकी हसत हसत खाली फरशीवरच बसली. म्हणाली, "आजवर आम्ही इतक्या जणांकडे गेलो, पण अभ्यास करून बसलेलं कोणी भेटलं नव्हतं." आणि लांबडी, जी बोलत नाही ना, ती म्हणाली, "आजी, आम्ही तुमची परीक्षा घेत नाही. ह्या पानाची घेतोय. तुम्ही अडलात तर नापास ते होतं, तुम्ही नाही." हे वाक्य मी मनात दोनदा म्हणून बघितलं. सत्तरी उलटली माझी. कुठल्या खिडकीवर, कुठल्या कचेरीत मी अडले आणि चूक खिडकीची निघाली, असं अजून एकदाही झालं नव्हतं गं.

मग ती म्हणाली, "आता आमचं पुस्तक राहू द्या. तुम्हाला स्वतःला काय हवंय ते शोधा." मला काय हवंय ते माझ्या समोरच बसलं होतं. शिवणवालीच्या कानात वर्षभर शिट्टी वाजते आहे. दिवसभर, बारीक, कुकरची शिट्टी लांबून यावी तशी. कोणाला ऐकू येत नाही, तिलाच येते. सून म्हणते, वय झालं. मुलगा म्हणतो, लक्ष देऊ नका. डॉक्टरने कानात बॅटरी मारली आणि मळ नाही म्हणून सांगितलं. त्या शिट्टीच्या वर आवाज काढायचा म्हणून ती एवढ्या मोठ्याने बोलते. आणि तिला रात्री काय वाटतं ते मला एकदाच म्हणाली होती, तेसुद्धा जिन्यात, माझ्याकडे पाठ करून. म्हणाली, "मला वेड लागतंय का बघ जरा." तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं, ह्यावर कोणी काही लिहिलं असेल का. पण काउंटरवर जाऊन विचारायचं काय, मैत्रिणीच्या कानात शिट्टी वाजते असं? मागे रांग उभी असते.

जुन्या पानावर बसले. पहिल्याच चौकटीत अडले. लेखक? मला काय माहीत. पुस्तकाचं नाव? तेच तर शोधतेय. विषय म्हणून एक चौकट होती, तिच्यात लिहिलं, कानात शिट्टी वाजते. पान म्हणालं, एकही नोंद आढळली नाही. मग लिहिलं, कान वाजणे. नोंद नाही. नुसतं कान लिहिलं तर संगीत शिकायच्या पुस्तकांची रांग लागली. मला मोठ्याने बोलायला सांगितलं होतं म्हणून मी बोलले, "नसेल तसलं पुस्तक. मीच खुळी." आणि शिवणवाली, जी एरवी गल्लीला ऐकवते, ती अगदी हळू म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं? माझंच डोकं फिरलंय." लांबडीची पेन्सिल भराभरा चालत होती. बोलकीने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते, मदत करायची नाही म्हणून.

मग त्यांनी तुझं पान उघडून दिलं. तुझं आहे हे तेव्हा कोणी बोललं नाही, पण मी वासावरून ओळखलं असतं. एकच चौकट. वर लिहिलेलं, काय हवंय ते तुमच्या शब्दांत सांगा. बस. मी तेच परत लिहिलं, मैत्रिणीच्या कानात शिट्टी वाजते. पान क्षणभर थांबलं आणि मग म्हणालं, आमच्याकडे याला कर्णनाद म्हणतात, ही पाहा पुस्तकं. आणि एकाखाली एक येत गेली. आवाजासोबत झोपायचं कसं, कान का वाजतो, घरच्यांनी काय समजून घ्यावं. एका माणसाने तर आपल्याच वाजत्या कानाची हकीकत लिहिलीय, आणि ती आपल्या वाचनालयात नाही, पण लांबच्या शाखेतून गाडीने येईल, मागवू का, असंही त्या पानाने विचारलं. मी वाचत गेले, अडखळत, बोट ठेवून. ह्या एवढ्याशा काचेच्या मागे कुठकुठल्या गावांतली कपाटं उभी असतील, त्यात कुठल्या कोपऱ्यात एक पुस्तक असेल, आणि माझ्या साध्या बोलण्याला त्याने ओ दिली. विहिरीत हाक मारावी आणि खालून कोणी आपल्या नावाने उत्तर द्यावं, तसं अंगावर काटा आला. शिवणवालीने फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि म्हणाली, "म्हणजे हे दुसऱ्या कोणाला पण होतं?" बोलकी म्हणाली, "खूप जणांना होतं, मावशी." मग आमची शिवणवाली, जी नवरा गेला तेव्हाही चारचौघांत रडली नाही, तिने शालीचं टोक तोंडाला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

मी फोन परत घेतला, तिच्याकडे बघायचं टाळून पानाकडे बघत राहिले, आणि तिथे मला ते दिसलं. प्रत्येक पुस्तकाच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, किती वाचकांनी हे शेवटपर्यंत वाचलं. माझी एक खोड जगात दोनच माणसांना माहीत आहे, तुला आणि मला. मी कुठलंही पुस्तक घ्यायचं झालं की आधी शेवटची पानं उघडून बघते, ती हाताळून मळली आहेत का. मधल्यानंतर कोरीच असली तर परत ठेवून देते, म्हणजे कोणाला पुरं करावंसं वाटलं नाही. तू लहान होतीस तेव्हा माझ्या कोपराशी उभी राहून सांगायचीस, "आजी, हे मळकं आहे, घेऊ या." काउंटरवरच्या बाई बघत राहायच्या, ह्यांना मळकी पुस्तकं कशाला हवीत म्हणून.

मी बोलकीला विचारलं, ही ओळ कोणाच्या डोक्यातून आली? ती म्हणाली, "आमच्या कचेरीत भिंतीवर एक आजी आहे." मी म्हटलं, कोणाचा फोटो? तर म्हणे फोटो नाही, चित्र आहे, आमच्या मोठ्या ताईंनी काढलेलं. खरी बाई नाही ती, मनाने बनवलेली, कामासाठी. आम्ही पानावर काहीही नवीन ठेवलं की ताई आम्हाला त्या चित्रासमोर उभं करतात आणि विचारतात, हे ह्यांना कळेल का. मग सांगायला लागली, ती आजी कशी आहे. शाळा थोडी झालेली. फोन हातात घेतला की आधी पुसते. पुस्तकाचं नाव विसरते, गोष्ट विसरत नाही. काउंटरवर विचारायला लाजते. नाही सापडलं तर पुस्तक नसेल म्हणते, स्वतःला खुळी म्हणते आणि गुपचूप घरी जाते. "साहेब म्हणतात, अशी बाई कुठे असते का? ताईंनी कल्पनेतून काढलीय. ते चित्र उतरवा आता." एवढं बोलून ती थांबली, कारण लांबडी माझ्या हातातल्या फोनपुसण्याच्या फडक्याकडे बघत होती.

मी सांगून टाकलं. म्हटलं, "तुमच्या मोठ्या ताईला मी खारूताई म्हणते. स्टुलावर चढायची म्हणून." दोघींचा आ वासलेला राहिला. शिवणवाली मात्र रडं पुसून लगेच जाग्यावर आली. म्हणाली, "अगं बाई, माणसं मेल्यावर भिंतीवर जातात, तू जिवंतपणीच गेलीस?" सगळ्या इतक्या हसलो की लांबडीची पेन्सिल खाटेखाली गेली. पण त्या गेल्यावर मी एकटीच खिडकीशी बसले, आणि हसू ओसरलं तसं मला कसंतरीच झालं. कुठे मी, ह्या दीड खोलीत, डाळीचं पाणी उतू जाऊ नये म्हणून उभी असलेली, आणि कुठे तुमची ती काचेची कचेरी. तिथे शिकलेली माणसं भांडता भांडता थांबतात आणि म्हणतात, त्या बाईला कळेल का. मी भाजी निवडत असताना, झोपलेली असताना. इतकी वर्षं. आणि तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस.

मला तो खणांचा लाकडी डोंगर आठवला. वाचनालयात तेव्हा भिंतभर कपाट होतं, छोटे छोटे खण, खणात कार्डं. तुझा हात पोहोचायचा नाही म्हणून तू स्टुलावर आणि मी स्टूल धरून. मी तुझ्या कानात सांगायचे, ती बाई समुद्रात दिव्याच्या खांबावर राहते ती गोष्ट, आणि तू मोठ्याने काउंटरवर म्हणायचीस, "दीपगृहाबद्दलचं काही आहे का?" मी म्हणायचे, पोरगं जन्मल्यावर आईला उगाच रडू येतं त्यावर काही असेल का, आणि तू कुठूनतरी त्याचा पुस्तकी शब्द शोधून आणायचीस. माझं बोलणं घ्यायचं आणि कपाटाला कळेल असं करून द्यायचं, हा तुझा खेळ. मला वाटलं होतं, मोठी झालीस आणि स्टुलावरून उतरलीस. उतरली नाहीस तू. तेव्हा एकट्या माझ्यासाठी करायचीस, आता कानात शिट्टी वाजणाऱ्या प्रत्येकीसाठी करतेस, एवढाच फरक. शिवणवाली तुझ्या स्टुलाशी उभी राहिली आणि तिला पुस्तक सापडलं.

आता शेवटची गोष्ट, ज्यासाठी आज दोनदा पेनात शाई भरली. त्या रात्री फोनवर तू म्हणालीस, आजी, मी राजीनामा लिहून ठेवलाय, महिनाअखेरीला देते, ज्यांच्यासाठी करत होते ती माणसं आहेत की नाहीत हेच मला कळेनासं झालंय. आणि मी म्हटलं, "बरं. जेवलीस का?" फोन ठेवल्यावर स्वतःला किती बोलले असेन. अवघड जागी माझे शब्द जातात, काउंटरवर जायचे तसेच, आणि तिथे माझ्यासाठी बोलायला तू होतीस, पण तुझ्याशीच माझ्यासाठी बोलायला कोणी नव्हतं. म्हणून हे लिहिलं, माझ्या शब्दांत, तुझ्या पानावर लिहितात तसं. मी आहे गं. मनाने बनवलेली नाही, आणि एकटीही नाही. तो कागद पर्समध्येच राहू दे, आणि मला भिंतीवरून उतरवू नकोस. साहेब म्हणतील, ही तर घरचीच माणसं, म्हणून त्या मुलींनी मला गल्लीतली पाच जणं जमवायला सांगितलीत, ज्यांनी अजिबात अभ्यास केलेला नाही अशी. दूधवाल्याची आई, कुलूपवाले काका, कोपऱ्यावरच्या जुळ्या बहिणी आणि टपालातून निवृत्त झालेले ते रागीट गृहस्थ, सगळे हो म्हणालेत. शिवणवालीला शिकवायची सक्त मनाई आहे, फूटपट्टी मी लपवलीय. ती फक्त बसणार, कारण लांबच्या शाखेतून मागवलेलं तिचं पुस्तक त्या मुलीच घेऊन येणार आहेत. हे पत्र चष्मेवाले भाऊ उद्याच्या पुस्तकांच्या गाडीतून तुझ्याकडे धाडतायत, म्हणजे तुला वेळेत मिळेल. चहासाठी दोन कप शेजारून आणलेत, कारण ह्या खेपेला साहेब स्वतः सोबत येतायत. येत्या गुरुवारी.

तुझीच,
भिंतीवर जाऊनही अजून जमिनीवर असलेली आजी